गिधाडाचा जुना फोटो आहे का कुणाकडे?

चंद्रपूर-गडचिरोलीत पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, गावाबाहेरची ढोरफोडी आठवते का म्हणून. मेलेलं जनावर तिथं टाकलं की आभाळात ठिपके दिसायचे आणि काही तासांत फक्त हाडं उरायची. ते ठिपके म्हणजे गिधाडं.

पण त्यांचा फोटो मागा, बहुतेक जण मान हलवतात. मी मागत असतो. वाघाचे, मोराचे जुने फोटो निघतात, गिधाडाचा क्वचितच. कारण साधं आहे. रिळात 36 फोटो यायचे आणि ते मढं खाणाऱ्या पक्ष्यावर कोण खर्च करणार? गिधाड काय, रोजचंच!

हे रोजचं पाखरू आपल्या डोळ्यांदेखत गेलं. 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं इतकी घटली की हजारातलं जेमतेम एक उरलं. हे कळलं कसं? राजस्थानात भरतपूरला विभू प्रकाश यांनी ऐंशीच्या दशकात घरटी मोजून ठेवली होती, 353 जोड्या. नव्वदच्या दशकाअखेर ते पुन्हा मोजायला गेले तेव्हा त्या बोटांवर मोजण्याइतक्या राहिल्या होत्या. जुना आकडा हाती नसता, तर ‘गेली असतील कुठंतरी’ म्हणून विषय संपला असता.

कारण 2004 मध्ये पाकिस्तानातल्या संशोधनातून सापडलं. डायक्लोफेनॅक, गुराढोरांना देतात ते सूज-वेदनेचं औषध. ते टोचलेलं जनावर दोन-तीन दिवसांत मेलं आणि गिधाडानं खाल्लं, की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. शंभरात एखादं असं मढं असलं तरी अख्खी जात संपायला पुरतं. 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. 2023 मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवरही आली.

गडचिरोलीच्या जंगलात थोडी गिधाडं टिकली. कुनघाड्याच्या बाजूला वनविभागानं त्यांच्यासाठी ‘उपहारगृह’ काढलं, म्हणजे औषधमुक्त मढं ठेवायची जागा. 2024 मध्ये पिंजोरच्या प्रजनन केंद्रातली गिधाडं ताडोब्यात आणून सोडली. एकेकाळी फुकट येणाऱ्या पाखराच्या पाठीवर आता जीपीएस लावून पाळत ठेवावी लागते.

आज आपल्याकडे रिळाचा खर्च नाही. मोहर्लीच्या गेटवर हातभर लांब लेन्सांची रांग असते, पण सगळ्यांना वाघ नाहीतर नवरंगच हवा. मामा तलावावरची बदकं, धुऱ्यावरचा तित्तिर, तारेवरचा नीलपंख यांच्याकडे ‘रोजचंच’ म्हणून पाहायचं नाही. 2023 चा देशातल्या पक्ष्यांचा मोठा अहवाल सुमारे 30 हजार पक्षी निरीक्षकांच्या 3 कोटी नोंदींवर उभा आहे. त्यातले बहुतेक तुमच्या-माझ्यासारखे हौशी. त्यात नीलपंखाची घट दिसली, तीही साध्या नोंदींमुळेच.

म्हणून दोन गोष्टी सांगतो. फोटो टाकताना पक्ष्याचं नाव, तारीख आणि गाव लिहा. घरट्याची नेमकी जागा मात्र टाकू नका, गर्दी झाली की पाखरं घरटं सोडून जातात.

आणि घरातल्या जुन्या अल्बममध्ये, एखाद्या पिवळ्या पडलेल्या फोटोच्या कोपऱ्यात का होईना, गिधाड दिसलं तर कमेंटमध्ये टाका. गाव आणि अंदाजे साल लिहा. आपल्या दोन जिल्ह्यांचा तो इतिहास आहे आणि तो अजून लिहिलेला नाही.