श्वास, पाळी आणि धावपट्टी



बीदर-कलबुर्गीच्या सीमाभागात माझे शालेय शिक्षण झाले. कवायतीच्या तासाला काही मुली आळीपाळीने कडुनिंबाखाली बसून राहत. ‘त्या दिवसांत धावले तर दम कोंडतो,’ एवढेच कारण कानावर येई आणि आम्ही मुलगे हसत असू. त्या हसण्याची आज लाज वाटते. परंतु ही समजूत केवळ आमच्या गावाची नव्हती.

१९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटर शर्यत प्रथमच झाली. जर्मनीच्या लिना राडके यांनी ती २ मिनिटे १६.८ सेकंदांत, विश्वविक्रमासह जिंकली. शर्यत संपल्यावर काही जणी दमून जमिनीवर टेकल्या. तेवढ्यावरून स्त्रीदेहाला हे श्रम झेपत नाहीत, अशी हाकाटी वृत्तपत्रांनी केली. ही शर्यत ऑलिंपिकमध्ये परतली ती थेट १९६० साली. मुंबईच्या मेरी डिसूझा १९५२ मध्ये हेलसिंकीला १०० आणि २०० मीटर धावल्या. त्याहून लांबची शर्यत तेथे स्त्रियांसाठी नव्हतीच.

वस्तुतः श्वासाचे मोजमाप त्यापूर्वीच सुरू झाले होते. १९०५ मध्ये मेबल फिट्झजेराल्ड आणि जे. एस. हॉल्डेन यांनी दाखवले की, फुप्फुसांतील हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा कमी असते. (या विदुषीला ऑक्सफर्डने सन्मान्य पदवी दिली ती १९७२ साली, वयाच्या शंभरीत!) पुढे या गोष्टीचा संबंध प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाशी जुळला. बीजविमोचनानंतर ते वाढते, मेंदूतील श्वसनकेंद्र चेतवते आणि श्वसन वाढते. व्यायाम करताना काहींना धाप किंचित अधिक जाणवते. पण प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता त्याने फारशी बदलत नाही, असेच बहुतेक मापनांत आढळते. आणि पाळी सुरू होते तेव्हा तर हे संप्रेरक उतरलेले असते. म्हणजे ज्या दिवसांत मुलींना बसवले जाई, त्या दिवसांत श्वासावरचा हा परिणाम ओसरलेलाच असे.

पोटदुखी खरी, अतिरक्तस्रावाने येणारा रक्तक्षय खरा. दमा असलेल्या काही स्त्रियांचा विकार पाळीच्या सुमारास बळावतो, हेही खरे. त्यांना औषधोपचार हवेत. त्यांच्या नावाने साऱ्या वर्गाला सावलीत बसवण्याचे प्रयोजन नव्हते.

सातारा जिल्ह्यातील मोहीच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या आणि दहाव्या आल्या. स्त्रियांसाठी ही शर्यत ऑलिंपिकमध्ये सुरू होऊन तेव्हा अवघी आठ वर्षे झाली होती.