खर्जाचे वजन : बेस अ‍ॅम्प्लिफायरचा लोखंडी इतिहास

१/ स्वारगेटला गणेश कला क्रीडा रंगमंच आहे. तिथे वाद्यवृंदांच्या कार्यक्रमांत बेस गिटार वाजते. जवळच मुकुंदनगरात गेल्या काही वर्षांपासून डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव भरतो; तिथे तानपुरा झंकारतो. दोन्ही मंचांचा पाया एकच : खर्ज. हा खर्ज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवण्यासाठी माणसाने काय काय उचलले, याविषयी आजचा धागा.

२/ प्रथम थोडे विज्ञान. बेस गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. तिची ध्वनिलहर आठ मीटरांहून लांब असते. स्वर एक सप्तक खाली उतरला, की तेवढ्याच ध्वनिदाबासाठी स्पीकरच्या पडद्याला चौपट हालावे लागते. त्यात आपला कान खालच्या स्वरांना मुळातच मंद. सारांश, खर्ज फुकट मिळत नाही.

३/ विजेपूर्वी ही किंमत लाकडाने आणि भोपळ्याने चुकवली. एकोणिसाव्या शतकात मिरजेत फरीदसाहेबांनी तंतुवाद्यांची परंपरा उभी केली. तिथल्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. त्याचा भला थोरला भोपळा हाच त्या काळचा अ‍ॅम्प्लिफायर. मात्र त्याची सत्ता दिवाणखान्यापुरती, मैदानावर त्याचे काही चालत नसे.

४/ नाट्यगृहात तर ती सोयही अपुरी. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले, तेव्हा ध्वनिक्षेपक नव्हता. पुढची कित्येक वर्षे नटांनी उंच पट्टी आणि कमावलेला गळा यांच्या बळावरच प्रेक्षागृह भरून काढले.

५/ १९०६ मध्ये ली डी फॉरेस्टने तीन अग्रांची निर्वात नळी घडवली. हाच आपल्या आजोबांच्या रेडिओतला ‘व्हॉल्व्ह’, ज्याच्या तारा तापेपर्यंत आवाज येत नसे. आजचे वादक त्यालाच ट्यूब म्हणतात. मोटवाने कुटुंबाच्या ‘शिकागो रेडिओ’च्या ध्वनिक्षेपकांनी स्वातंत्र्यचळवळीतील सभा दूरवर ऐकवल्या. पण भाषण कळायला खर्ज लागत नाही आणि कर्ण्यातून तो फारसा बाहेरही पडत नाही. वक्त्याचा आवाज मैदानभर पोचला. खर्ज मागेच राहिला.

६/ तो प्रश्न अमेरिकेत ऐरणीवर आला. १९५१ मध्ये लिओ फेंडरने ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणली, पाठोपाठ १९५२ मध्ये तिच्यासाठी ‘बेसमन’ अ‍ॅम्प्लिफायर. त्याची शक्ती सुमारे २६ वॅट. नृत्यगृहाला ती पुरली. क्रीडांगणाला पुरणे शक्य नव्हते.

७/ १५ ऑगस्ट १९६५. न्यूयॉर्कचे शे स्टेडियम, बीटल्स, सुमारे ५५,६०० श्रोते. व्हॉक्स कंपनीने खास १०० वॅटचे अ‍ॅम्प्लिफायर दिले होते. तरीही श्रोत्यांच्या किंकाळ्यांत वादकांना आपलेच वादन ऐकू येईना. गर्दी पुढे गेली होती, यंत्र मागे पडले होते.

८/ उत्तर आले १९६९ मध्ये : अ‍ॅम्पेग कंपनीचा ‘एसव्हीटी’. ३०० वॅट, १४ व्हॉल्व्ह आणि प्रत्येकी दहा इंची आठ स्पीकरांच्या दोन पेट्या. त्याच वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात रोलिंग स्टोन्सने तो वापरला. मंचावरचा खर्ज आता छातीत जाणवू लागला.

९/ पेट्या वगळूनही त्याचे वजन सुमारे चाळीस किलो. कारण काचेच्या नळ्या नव्हेत, लोखंड! व्हॉल्व्ह कित्येक शे व्होल्टवर चालतात. स्पीकरला हवा असतो कमी दाबाचा पण मोठा प्रवाह. मध्ये ट्रान्सफॉर्मर अटळ. कंपनसंख्या निम्मी झाली, की त्याच्या गाभ्यावरचा चुंबकीय भार दुप्पट होतो. म्हणून स्वर जितका खालचा, लोखंड तितके जास्त. खर्जाचे वजन असे तराजूत घालून मोजता येते.

१०/ वादकाने हे ओझे सोसले, कारण मर्यादेशी पोचलेला व्हॉल्व्ह एकदम तुटत नाही. स्वर हळूहळू दाबला जातो, त्याला खरखरीत ऊब चढते. पण त्याचे सोवळेही कडक. आधी नळ्या तापू द्यायच्या, स्पीकर जोडल्याविना यंत्र कधीही चालवायचे नाही (ट्रान्सफॉर्मर जळू शकतो), आणि प्रवासात काच सांभाळायची.

११/ मग ट्रान्झिस्टर आला. त्यानंतर ‘क्लास-डी’ तंत्र. आज दोन-तीन किलोंचे यंत्र ५०० वॅट सहज देते. पाठ सुटली, हे चांगलेच झाले. पण त्या वजनाबरोबर एक नैसर्गिक लगामही गेला. पूर्वी आवाज वाढवायचा तर माणसे आणि टेम्पो वाढवावे लागत. आता टिळक रस्त्यावरून स्पीकरच्या भिंती मिरवतात आणि आठ मीटरांची लहर इमारतींना वळसा घालून आजारी माणसाच्या उशाशी पोचते.

१२/ लोखंडाचे काम आता कायद्यावर आले. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. पण ती ‘ए’ मापाने मोजतात. हे माप कानाच्या मंदपणाला अनुसरून बेतलेले असल्याने ४० हर्ट्झच्या आसपास सुमारे ३५ डेसिबलची सूट देते. खिडकीची तावदाने थरथरतात त्या आवाजाचा बराचसा भाग मापकाच्या आकड्यात उतरतच नाही.

१३/ भोपळा, गळा, लोखंड : प्रत्येक काळात खर्जाची किंमत तो निर्माण करणाऱ्यानेच मोजली. आपल्या काळात ती प्रथमच ऐकणाऱ्याकडे सरकली आहे. पुढच्या वेळी एखाद्या मंचामागे दोघेजण घाम गाळत जुना व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर चढवताना दिसले, तर त्यांना वाट द्या. ते त्या स्वराचे मोल स्वतःच्या खांद्यावर वाहत आहेत.