माळढोकाची साक्ष

गावच्या जमिनीची प्रकृती कोणाला विचारावी? महसुली दप्तराला की पाखरांना? सोलापूर-नगरकडच्या माळरानांच्या बाबतीत दोघांची उत्तरे वेगळी निघतात.

दप्तर माळाला 'पडीक' म्हणत आले. माळढोकाचे म्हणणे निराळे होते. पंधरा किलोपर्यंत भरणारा हा पक्षी उघड्या जमिनीवरच, बहुधा एकच अंडे घालतो. त्याला दूरवर नजर पोचेल असे मोकळे गवत लागते. त्या गवतात टोळ, नाकतोडे, बोरे लागतात. तेव्हा माळढोक दिसला की समजावे, माळ जिवंत आहे.

रॉबर्ट मॅन्सफिल्ड नावाच्या इंग्रज शिकाऱ्याने १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत नगर भागात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. एका माणसाला एवढे पक्षी सापडावेत, इतका तो माळ भरलेला होता!

पुढे १९७२ च्या कायद्याने शिकार थांबवली, १९७९ मध्ये नान्नजला अभयारण्य झाले. पण 'पडीक' जमीन सुधारण्याचे काम चालूच राहिले. कालवे आले, ऊस आला, गवतात झाडे लावली गेली. दुष्काळी शेतकऱ्याने पाणी मागितले, यात त्याचे काय चुकले? मात्र माळाचा हिशेब कोणी मांडलाच नाही. मेंढरांची चराई आक्रसली आणि माळढोक महाराष्ट्रातून जवळजवळ दिसेनासा झाला.

मी शब्दांवर जगणारा माणूस. बंदुकीला जे जमले नाही, ते दप्तरातल्या एका शब्दाने केले, याचे मला भय वाटते. उरलेल्या माळावर काळवीट अजून चरते आहे. तो शब्द आता तरी खोडायला हवा.