बफर द्रावण : सौम्य आम्ल व आम्लारी यांची निवड

थोडेफार आम्ल किंवा आम्लारी पडले तरी ज्याचा सामू फारसा ढळत नाही, ते बफर द्रावण. सौम्य आम्ल व त्याचे लवण किंवा सौम्य आम्लारी व त्याचे लवण एकत्र करून ते बनवतात.

निवड सुरू होते पीकेएपासून. ज्या सामूला आम्लाचे निम्मे रेणू विचरण पावलेले असतात, तो हा आकडा. बफरची धारणशक्ती तिथे सर्वाधिक असते. तिथून एक एकक दूर गेले की ती साधारण एक तृतीयांश उरते. म्हणून हव्या असलेल्या सामूच्या एका एककाच्या आत पीकेए असलेले आम्ल घेतात. सामू ५ साठी ॲसिटिक आम्ल (४.७६), ७ साठी फॉस्फेटची दुसरी पायरी (७.२), ९ च्या आसपास अमोनिया (त्याच्या अमोनियम आयनाचा पीकेए ९.२५).

मात्र आकडा जुळला म्हणजे काम भागले असे नाही. चंचुपात्रात आणखी काय आहे हेही पाहावे लागते. पाण्याचा कठीणपणा ईडीटीए या अभिकारकाने मोजताना सामू १० लागतो, आणि तिथे अमोनिया व अमोनियम क्लोराइडचे मिश्रण वापरतात. फॉस्फेट घातले तर ज्यांचे मापन करायचे ते कॅल्शियम-मॅग्नेशियमच साक्याच्या रूपाने तळाशी बसतील. अमोनियाचाही एक उपद्रव आहे : बाटलीचे बूच उघडे राहिले की वायू उडून जातो आणि सामू उतरतो. नाकाला झोंबणारा तो दर्प म्हणजे बफरची झीजच.

बफर भोवतालच्या घटकांत ढवळाढवळ करतो ही अडचण जीवरसायनात अधिक जाणवते, कारण तिथे सामू ६ ते ८ च्या पट्ट्यात हवा असतो आणि विकरांना बाधाही पोचता कामा नये. नॉर्मन गुड व सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये हेपेससारखी नवी बफरद्रव्ये सुचवली, ती यासाठीच.

पीकेए सामूच्या एका एककाच्या आत हवा, या नियमाला रक्त हा ठळक अपवाद. कार्बॉनिक आम्लाचा पीकेए तिथे ६.१, तर रक्ताचा सामू ७.४, बायकार्बोनेट आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड यांचे प्रमाण २०:१. प्रयोगशाळेत असा बफर कुणी निवडणार नाही. शरीरात तो चालतो, कारण जादा कार्बन डायऑक्साइड फुप्फुसे बाहेर टाकत राहतात.

तापमानाकडे हमखास दुर्लक्ष होते. ट्रिस या बफरद्रव्याचा पीकेए तापमान वाढताना दर अंशाला सुमारे ०.०२८ ने घटतो, म्हणून २५° से. ला सामू ८.० वर आणलेले ट्रिस शीतकक्षात ४° से. ला ८.६ च्या घरात जाते. ज्या तापमानाला प्रयोग करायचा, त्याच तापमानाला सामू जुळवावा.