शनवार तेली आणि मंद आचेवरचे भांडे

१/ बैलाच्या शेपटीचा दाट रस्सा आज पाश्चात्त्य घरांत ‘स्लो कुकर’मध्ये तासन्‌तास शिजतो. या विजेच्या भांड्यामागे एक जुना धर्मनियम आहे. त्याच नियमाने पनवेल-अलिबाग पट्ट्यातील एका समाजाला नाव दिले.

२/ ज्यू धर्मात शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत शब्बाथ पाळतात. त्या काळात विस्तव पेटवणे, अन्न शिजवणे निषिद्ध. म्हणून शुक्रवारीच मांस व कडधान्ये भांड्यात घालून मंद आचेवर ठेवली जात. पूर्व युरोपात हा पदार्थ ‘चोलेंट’ झाला.

३/ लिथुआनियातील चोलेंटच्या कौटुंबिक आठवणीवरून अमेरिकेतील आयर्विंग नॅक्सन यांनी विजेचे भांडे घडवले. १९४० मध्ये त्यांना पेटंट मिळाले. १९७१ मध्ये तेच ‘क्रॉक-पॉट’ नावाने बाजारात आले.

४/ आता कोकणाकडे वळू. बेने इस्रायली परंपरा सांगते, की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांच्या वंशजांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले.

५/ मराठी त्यांची मातृभाषा झाली. पेणकर, नवगावकर, किहीमकर ही आडनावे गावांवरून आली. पनवेलचे बेथ एल सिनेगॉग १८४९ चे आहे.

६/ मात्र बैलाच्या शेपटीचा रस्सा या घरांत शिजत नसे. धर्मशास्त्राची मुभा असूनही बेने इस्रायली परंपरेने गोमांस वर्ज्य मानत. हिंदू शेजाऱ्यांच्या सहवासाचा हा परिणाम मानला जातो. मांस व दूध एकत्र करण्यास धर्माची मनाई असल्याने मटणाच्या रश्शात नारळाचे दूध पडे. म्हणजे एकाच भांड्यात तोराचा नियम आणि कोकणची वाडी!

७/ दाविद राहाबी या ज्यू प्रवाशाची कथा या समाजात प्रसिद्ध आहे. त्याने स्त्रियांपुढे निरनिराळे मासे ठेवले. त्यांनी पर व खवले असलेले मासे तेवढे निवडले, आणि हे ज्यूच आहेत अशी त्याची खात्री पटली. कथेची ऐतिहासिकता वादग्रस्त असली, तरी समाज स्वतःची ओळख कशात पाहत होता हे तीतून कळते.

८/ १९४८ नंतर अनेक कुटुंबे इस्रायलला गेली. तेथे त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली गेली, विवाहांत अडथळे आले. मोठ्या आंदोलनानंतर १९६४ मध्ये त्यांना पूर्ण मान्यता मिळाली.

९/ या समाजाच्या प्रारंभीच्या शतकांचे लिखित पुरावे फार थोडे आहेत. अशा वेळी इतिहासकाराला दप्तराबाहेर पाहावे लागते: शनिवारी थांबलेला घाणा, निवडलेला मासा, रश्शातील नारळ. आपल्या गावातील अशी आडनावे आणि अशा चालीरीती आजही नोंद होण्याची वाट पाहत आहेत.