मकबऱ्याचा माळी

बीबी का मकबरा बघायला आलेला माणूस फुलं बघत नाही, फुलांत उभा राहून फोटो काढतो. तुडवलेले झेंडू संध्याकाळी सरळ करायचं काम माझं. आठ वर्षं झाली, इथं खुरपं धरतोय. कंत्राटावर.

ही कबर दिलरस बानू बेगमेची. ती १६५७ मध्ये गेली. मुख्य दरवाजावर वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय अशी दोन नावं कोरलेली आहेत. फ्रेंच प्रवासी टॅव्हर्निएला सुरतेहून गोवळकोंड्याला जाताना इथल्या संगमरवराच्या गाड्या दिसल्या. सगळ्यात लहान गाडीलाही बारा बैल होते, असं त्यानं लिहून ठेवलंय. बैलसुद्धा मोजले, पण दरवाजावर माळ्याचं नाव नाही.

मकबरा पुरा झाला १६६१ च्या सुमारास. एकदा दुपारी सावलीत मोबाईलवर वाचलं, की त्याच १६६१ मध्ये फ्रान्सच्या राजानं व्हर्सायची बाग आंद्रे ल नोत्रकडं सोपवली. माळ्याच्या घरातला माणूस, त्याचं नाव जगाला पाठ! मला जरा असूयाच वाटली.

पण पाण्यापुढं तोही हरला. सगळी कारंजी एकदम चालवण्याइतकं पाणीच नव्हतं. राजा फिरायला निघाला की कारंजेवाले शिट्टी मारून पुढच्याला सांगायचे, तोटी सोड. राजा पुढं सरकला की मागचं बंद. शेवटी सीन नदीवर चौदा चाकांचं यंत्र बसवलं, १६८४ मध्ये, तरी पुरेना. आपल्या मलिक अंबरनं त्याच्या कितीतरी आधी या शहरात डोंगराकडचं पाणी जमिनीखालून, नुसत्या उतारावर आणलं होतं. नहर-ए-अंबरी. चाक नाही, पंप नाही.

उन्हाळ्यात आम्हीही पाणी तसंच वाटतो, दर्शनी वाफ्याला आधी. सगळ्यात जास्त पिते ती हिरवळ. आणि ती मुघलांची नव्हेच. चारबागेत फळझाडंही असायची. ताजच्या बागेत इंग्रजांनी झाडी कमी करून मोकळं गवत केलं, आता लोकांना तेच जुनं वाटतं. माझं चाललं तर दोन चौकांत डाळिंब लावीन. पण मला कोण विचारतंय?

पोरगा म्हणतो, बाबा, हे काम मी करणार नाही. मी त्याला काही बोललो नाही.

उत्तरेकडच्या वाफ्यात शेवंती लावायचीय. रोपं अजून पिशव्यांतच आहेत, आमची पाण्याची पाळी परवा.