जखमेचा धनी कोण?

आमच्या रामाकोन्याच्या परिसरात पोळ्याचा दुसरा दिवस उजाडला की लोकांचे पाय पांढुर्ण्याकडे वळतात. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवलेले असते आणि पांढुर्णा व सावरगाव ह्या दोन तीरांमध्ये गोटमार चालते. डोकी फुटतात, क्वचित प्राणही जातात. परंतु तेथे तिकीट नाही आणि वेतनही नाही. ज्याची जखम त्याच्याच घराला. खेळाडू वेतन घेऊन मैदानात उतरला म्हणजे मात्र माझ्यासारख्या वकिलाला प्रश्न पडतो : ही जखम कोणाच्या खाती मांडावयाची? गोमंतकाच्या फुटबॉलचा इतिहास मी ह्याच दृष्टीने वाचला.

५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरला फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात डेंपोचा ब्राझिलियन खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर ह्याने मोहन बागानवर दुसरा गोल केला, आणि त्याच क्षणी गोलरक्षकाशी टक्कर होऊन तो कोसळला. तो पुन्हा उठला नाही. चषक मात्र गोव्यास आला.

पुढे २००६-०७ पासून २०१२-१३ पर्यंत सलग सात हंगाम राष्ट्रीय विजेतेपद गोव्याबाहेर गेले नाही. डेंपोने ते चार वेळा, चर्चिल ब्रदर्सने दोनदा आणि साळगावकरांनी एकदा मिळविले. हे वैभव तिकिटांच्या पैशांवर उभे होते असे मानणे भाबडेपणाचे होईल. डेंपो व साळगावकर ही खाणव्यवसायात वाढलेली घराणी. संघ ही त्यांची हौस आणि प्रतिष्ठा. हौस असते तोवर पगारही मिळतो आणि शस्त्रक्रियाही होते. पण हौसेवर दावा लावता येत नाही. मुंबईचा महिंद्र संघ २०१० मध्ये बंद झाला. २०११ मध्ये फगवाड्याच्या जेसीटीने, दूरचित्रवाणीवर प्रेक्षक लाभत नाहीत म्हणून, तोच मार्ग धरिला.

२०१४ मध्ये पडद्यावरच्या प्रेक्षकांसाठीच नवी इंडियन सुपर लीग निघाली. तिला अग्रस्थान देण्याचा बेत दिसताच २०१६ मध्ये डेंपो, साळगावकर व स्पोर्टिंग हे तिन्ही संघ राष्ट्रीय स्पर्धेतून बाहेर पडले. (डेंपो काही वर्षांनी परतला.) परंतु २०२५ च्या जुलैत, हक्कांचा करार डिसेंबरात संपणार म्हणून, त्या नव्या लीगचाही हंगाम स्थगित करावा लागला.

उद्या एखादा खेळाडू करारपत्र घेऊन माझ्याकडे आला, तर मी वेतनाचा आकडा नंतर पाहीन. जायबंदी असताना वेतन कोण व किती महिने देणार, आणि स्पर्धाच थांबली तर काय, ही कलमे आधी शोधीन.